जाळीवालं हेल्मेट, १४ महिने वापरून झाल्यावर

आधी तो दिवस सांगते, नाहीतर एका जाळीवर ही बाई एवढं का लिहितेय असं वाटेल. दोन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर, कासला फुलं सुरू झालेली, गाड्यांची गर्दी व्हायच्या आत जाऊन यावं म्हणून आमचा रविवारचा सायकलचा ग्रुप पहाटेच निघालेला. साताऱ्याहून कास साधारण २५ किलोमीटर, जाताना चढ, येताना मस्त उतार. येताना यवतेश्वरचा घाट लागला, रस्ता ओला, मी मध्यम स्पीडला उतरतेय आणि अचानक कपाळाच्या वर काहीतरी टप्पकन आपटलं आणि दुसऱ्या क्षणी ते हेल्मेटच्या आत, केसात, टाळूवर गुंईईई करत फिरायला लागलं.

ज्यांच्या बाबतीत हे झालंय त्यांना माहितीये, त्या वेळी डोकं चालत नाही, हात आपोआप वर जातो. माझा डावा हात गेला. म्हणजे मागचा ब्रेक सुटला, उजव्या हातातला पुढचा ब्रेक मात्र घाबरून जास्तच दाबला गेला, वळणावर बारीक खडी होती, पुढचं चाक सरकलं आणि मी डोंगराच्या बाजूच्या गटारात. दरीच्या बाजूला नाही, हे मी आजही देवाचे आभार मानून सांगते. मधमाशीच होती ती, डंख एकच मारला. कोपराला टाके पडले चार.

तिथेच वळणावर कणसं भाजणाऱ्या एक मावशी होत्या, त्या धावत आल्या. "ताई, खाली बसा, हलू नका" म्हणाल्या, माझी वेणी सोडली आणि शाळेत असताना आई उवा बघायची ना, अगदी तसं भांग पाडत पाडत काटा शोधला आणि नखाने खरवडून काढला. चिमटीत धरला नाही, खरवडला. नंतर कळलं की त्यांच्या घरी मधाच्या पेट्या आहेत. मधमाशीचा काटा दातेरी असतो, तो आपल्या कातडीत राहतो आणि त्याच्याबरोबर विषाची पिशवीपण, आणि ती पिशवी माशी गेल्यावरही विष ढकलत राहते, म्हणून कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला हे महत्त्वाचं. केसात तो सापडतच नाही पटकन, हाच सगळा त्रास.

तर मला त्या दिवशी समजलेली गोष्ट ही की डोक्यावरच्या जाळीचा खरा उपयोग डंख वाचवायला नाही, तुमचे दोन्ही हात ब्रेकवर राहावेत यासाठी आहे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. माशी काढायला तीन सेकंद हात वर गेला तर ३० मीटर तुम्ही एका हाताने उतरलात, आणि घाटात ३० मीटरमध्ये अख्खं वळण येतं. सपाट रस्त्यावर थांबून हेल्मेट काढता येतं हो, घाटात नाही.

आता हेल्मेटकडे येते. सायकलच्या हेल्मेटला पुढे मोठी भोकं असतात ती मुद्दाम हवा आत ओढायला केलेली असतात, आत फोममध्ये नाळी कोरलेल्या असतात आणि हवा पुढून शिरून मागून बाहेर पडते, त्यामुळे डोकं तापत नाही. पण तीच भोकं माशीसाठी नरसाळं होतात. आपल्याकडच्या सातेरी माशीला तर त्यातून आत यायला वाटच वाट आहे, आग्या माशी बोटाच्या पेराएवढी, तीसुद्धा आरामात शिरते. यावर उपाय म्हणजे पुढच्या भोकांना आतून बारीक जाळी. माझा भाचा जर्मनीत असतो, त्याने सांगितलं मावशी इकडे हे अगदी कॉमन आहे, उवेक्स, आबुस, अल्पिना या त्यांच्या कंपन्यांच्या बऱ्याच शहरी आणि लहान मुलांच्या हेल्मेटना जाळी कंपनीतूनच लावून येते, कारण उन्हाळा संपत आला की तिकडे गांधीलमाश्यांचा सुळसुळाट असतो. आपल्याकडे दुकानात विचारलं की "जाळी? कशाला?" असं तोंडाकडे बघतात.

म्हणून पहिले काही महिने मी घरचाच उपाय केला. मोती चौकातून नायलॉनच्या मच्छरदाणीचं कापड अर्धा मीटर आणलं, जुन्या हेल्मेटमधल्या गाद्या काढल्या (त्या वेल्क्रोच्या टिकल्यांवर बसवलेल्या असतात, ओढल्या की निघतात), कापड मापाने कापून फोमवर ताणून ठेवलं आणि त्यावरून गाद्या परत दाबून बसवल्या. वेल्क्रोचे आकडे जाळीतून वर येतात आणि गादी धरून ठेवतात. खर्च पन्नास रुपयांच्या आत. चाललं, पण दर दोन-तीन राइडला कोपरा सुटायचा, आणि एकदा सुटलेला कोपरा हेल्मेट डोक्यावर घट्ट करायच्या आतल्या डायलमध्ये अडकून बसला.

इथे एक कळकळीची विनंती. जाळी चिकटवायला चपला चिकटवायचा तो पिवळा गम किंवा पंक्चरचं सोल्युशन वापरू नका. हेल्मेटच्या आतला फोम म्हणजे दाबून घट्ट केलेलं थर्माकोलच आहे आणि असल्या गममधल्या द्रवाने थर्माकोल विरघळतं. मी आधी टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलवर एक थेंब टाकून बघितला, पाच मिनिटांत बोट जाईल एवढा खड्डा. तोच खड्डा हेल्मेटमध्ये पडला आणि वरून रंग लावलेला असल्यामुळे दिसला नाही तर पडल्यावर नेमका तिथेच डोकं आपटायचं. फोम कापून-बिपून जाळीसाठी जागा करणं तर अजिबात नाही.

मग पुण्याला गेले तेव्हा तयार जाळीवालं हेल्मेट घेतलं, साडेतीन हजाराच्या आसपास पडलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अशी जाळी दोन-तीन पद्धतीने बसवलेली येते आणि कंपनीपेक्षा ती पद्धतच बघून घ्यायची असते. आत इएन १०७८ चा (सायकल हेल्मेटच्या सुरक्षेचं युरोपियन मानक) शिक्का होता, तो आधी बघितला. जाळी कितीही छान असली तरी हेल्मेट आधी हेल्मेट पाहिजे.

बघायचं काय, तर जाळी कुठे बसते. एक प्रकार असा की जाळी गादीलाच शिवलेली असते, पुढची गादी आणि जाळी मिळून एकच तुकडा. दुसरा प्रकार म्हणजे जाळी फोमला आतून चिकटवलेली आणि गाद्या तिच्यावर वेगळ्या. माझ्यात पहिला प्रकार आहे आणि खरं सांगायचं तर दुसरा जास्त चांगला. कारण गादीची जाडी मध्ये आली की जाळी आणि डोकं यात थोडी जागा राहते, माशी भोकात बसली तरी ती डोक्याला लागत नाही. गादीला शिवलेली जाळी केसांना टेकते, तिथून डंख लागू शकतो. मला आजपर्यंत लागला नाही, केस दाट आहेत म्हणूनही असेल. टक्कल असणाऱ्यांनी किंवा बारीक केस ठेवणाऱ्यांनी हे जरूर बघून घ्या, दुकानातच बोट आत घालून जाळी किती दबते ते तपासा.

शिवलेल्या जाळीचा फायदा म्हणजे धुता येते. आठवड्याला एकदा मी तो तुकडा काढते, शांपूच्या पाण्यात भिजवते, जुन्या टूथब्रशने हलकं घासते आणि सावलीत वाळवते. नाही धुतला तर घामाचं मीठ जमून जाळी पांढरी आणि कडक होते आणि कपाळावर टोचते.

पहिला महिना झाल्यावर धुवायच्या आधी मी हेल्मेट उलटं करून खिडकीच्या उजेडात धरलं. जाळीच्या बाहेरच्या अंगाला, फोमच्या नाळीत, एक अख्खी मेलेली मधमाशी, एका भुंग्याचे पंख, तीन-चार वाळवीची पाखरं, बाभळीची वाळलेली पानं आणि एक ज्वारीच्या दाण्याएवढा खडा. हे सगळं एका महिन्यात माझ्या केसात गेलं असतं. त्यातल्या मधमाशीचा मला पत्तासुद्धा लागला नव्हता. कधीतरी टप्प आवाज आला असेल, मी ब्रेक धरून तशीच पुढे गेले असेन. साडेतीन हजार तिथेच वसूल झाले माझ्यासाठी.

ऋतूप्रमाणे सांगायचं तर आपल्या भागात बाराही महिने काही ना काही असतंच. पहिला पाऊस पडला की संध्याकाळी पंखवाली पाखरं उठतात, त्यांच्यापासून शंभर टक्के संरक्षण. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कास, महाबळेश्वरकडे मधमाश्या भरपूर, त्यातून कारवी फुललेलं वर्ष असेल (सात-आठ वर्षांनी येतं) तर विचारायलाच नको. थंडीत कराडच्या बाजूला गुऱ्हाळं पेटली की काकवीवर माश्या आणि गांधीलमाश्या दोन्ही, आणि रस्त्याकडेच्या रसवंतीवर तर नेहमीच. जाळी या सगळ्याला पुरली. फक्त चिलटांना नाही पुरत, माहुलीकडे नदीकाठी संध्याकाळी चिलटांचा ढग लागतो, ती जाळीच्या भोकातून सरळ आत येतात. पण चिलटं चावून कोणी पडत नाही, ती डोळ्यात गेली तर पडतं, त्यासाठी चष्मा लावा.

रात्रीचं वेगळं. मी गेल्या हिवाळ्यात २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) केली, साडेतेरा तासांची मुदत असते, शेवटचे दोन-अडीच तास अंधारात गेले. काही जण हेल्मेटवर टॉर्च लावतात, त्यांच्या डोक्याभोवती पाखरांची नुसती झुंबड. जाळी असली तरी लाइट हँडलवरच लावा असं माझं मत.

गरम होतं का, हे मला सगळे विचारतात. होतं, थोडंसं. एप्रिल-मेमध्ये चढावर, जिथे स्पीड आठ-नऊचा असतो आणि वारा असा नसतोच, तिथे फरक कळतो, कपाळावरून घाम जास्त येतो. उतारावर आणि सपाटीवर काही कळत नाही. रेसिंगच्या महागड्या हेल्मेटना बहुतेक वेळा जाळी नसते ती याच कारणामुळे असावी. आमच्या ग्रुपमधले एक काका जाळीऐवजी आतून पातळ रुमाल बांधतात, तोही चालतो, पण उन्हाळ्यात तो अर्ध्या तासात पिळून काढावा लागतो आणि ओल्या पातळ कापडातून डंख लागतोच.

आता तक्रारी, कारण आहेत. पहिली म्हणजे जाळी फक्त पुढच्या पाच भोकांना आहे, कानाच्या वरची दोन्ही बाजूंची भोकं उघडी. समोरून वारा असेल तर प्रश्न नाही, पण आडवा वारा असताना एकदा माशी बाजूने आत आली, नशिबाने लगेच बाहेरही गेली. दुसरी, केसांना यू-पिना लावल्या असतील तर त्या जाळीत अडकतात आणि हेल्मेट काढताना जाळी फाटते. मी आता सरळ वेणी घालते, पिना नाही, क्लचर तर नाहीच. तिसरी आणि सगळ्यात मोठी, हा तुकडा वेगळा मिळत नाही. दहाव्या महिन्यात डाव्या कोपऱ्याची शिवण उसवली, दुकानात फोन केला तर नवीन हेल्मेट घ्या म्हणाले. अहो, ज्या भागाला रोज घाम लागतो, जो आठवड्याला धुवायचा, तो आधी जाणार हे साधं आहे, त्याचा स्पेअर ठेवायला नको? मी घरीच दुहेरी दोऱ्याने शिवली, अजून टिकून आहे, पण साडेतीन हजार दिल्यावर सुई-दोरा घेऊन बसायला लागू नये.

रंग मी पांढरा घेतला, ते बरं झालं. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिकडे आम्ही राइड नेली होती, तिथल्या एका मधपाळ दादांनी सांगितलं की माशी चिडली की गडद रंगावर जाते, म्हणून पेट्यांवर काम करणारे पांढरे कपडे घालतात. सेंट, वासाचं तेल हेही नको म्हणाले. आणि अजून एक, माशी चावली की ती जागा पिकलेल्या केळ्यासारखी वास सोडते, तो वास बाकीच्या माश्यांना बोलावणं असतं, म्हणून तिथेच थांबून चोळत बसू नका, आधी लांब जा. त्यांनी हेल्मेट हातात घेऊन जाळी उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "बरंय ताई, तुम्हीबी वाचता आणि आमची माशीबी वाचते." ते मला फार पटलं. डंख मारला की मधमाशी मरते, केसात अडकली तरी मरते. जाळीला आपटली तर बहुतेक वेळा ती उडून जाते.

एक मात्र गैरसमज नको. आग्या मोहोळ उठलं तर ही जाळी काहीही कामाची नाही. तिथे सायकल टाकून तोंड झाकून पळणं, गाडीत नाहीतर घरात शिरणं एवढंच. आणि ज्यांना डंखाची ॲलर्जी आहे, अंग सुजतं, श्वास अडकतो, त्यांनी जाळीच्या भरवशावर न राहता डॉक्टरांना विचारून औषध जवळ ठेवा, आणि ग्रुपमधल्या दुसऱ्या कोणाला तरी ते कुठल्या पाऊचमध्ये आहे ते सांगून ठेवा.

घ्यायचं का? घाटात उतरणार असाल तर घ्या. पाचात चार स्टार, एक कापला तो स्पेअरसाठी. माझं मच्छरदाणीवालं जुनं हेल्मेट त्या दिवशी डोंगराला आपटलं होतं, तरी मी ते पुढे काही महिने वापरलं, तसं तुम्ही करू नका, एकदा मार बसलेला फोम परत तेवढा मार झेलत नाही. ते मी मोडून टाकलं, जाळी मात्र काढून ठेवली होती, ती आता जाऊबाईंच्या नवीन हेल्मेटमध्ये बसवलीये, या वेळी चारही कोपरे गाद्यांना टाचून. येत्या रविवारी त्यांचा पहिला यवतेश्वर आहे.