गिम्प ३.० वर पोर्ट्रेट रिटच: फुकट आहे, पण हात चालवावा लागतो

पहिले निकाल सांगून टाकतो, मग ज्यांना पुढचं वाचायचं ते वाचतील. घरचे पोर्ट्रेट, बायोडाटाचा फोटो, भिंतीवर लावायचा आजी-आजोबांचा फोटो, एवढंच काम असेल तर गिम्प ३.० हे फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर पुरून उरतं आणि एक रुपया लागत नाही. लग्नाच्या सीझनमध्ये शेकडो फोटो दोन दिवसांत हातावेगळे करायचे असतील तर याच्या नादी लागू नका, रडाल.

मी काही प्रोफेशनल नाही, नोकरी वेगळीच आहे, पण नातेवाईकांत कॅमेरावाला म्हणून बदनाम आहे त्यामुळे "एक फोटो जरा नीट करून दे ना रे" हे वर्षभर सुरूच असतं. फोटोशॉप मला येतं, ऑफिसात वापरतो, पण २०१३ पासून अडोबीनं नवं फोटोशॉप भाड्यानंच द्यायला सुरुवात केली आणि वर्षातून चार चेहऱ्यांसाठी दर महिन्याला पैसे भरणं मला पटत नाही. गिम्प तसं जुनं आहे, १९९५ मध्ये बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलं होतं, तेव्हापासून लोकच ते बनवून राहिले. मधली कित्येक वर्षं ते दिसायला असं होतं की उघडलं की बंद करावंसं वाटायचं. मार्च २०२५ मध्ये ३.० आलं आणि आता खरंच बरं दिसतं, मोठ्या रिझोल्यूशनच्या स्क्रीनवर आयकॉन मुंगीएवढे होत नाहीत.

आता मुद्द्याचं. रिटच म्हणजे आपल्याकडे काय समजतात? गोरं करणे. नागपूरच्या उन्हात अर्धा जन्म काढलेला माणूस बायोडाटात असा दिसतो जसा कधी घराबाहेरच पडला नाही. मोबाइलच्या ब्युटी मोडनं तर सवयच लावून ठेवली, गाल असे गुळगुळीत की भिंतीला पुट्टी मारली आहे आणि वर नाक-डोळे नंतर चिकटवले आहेत. गिम्पमध्ये हे एका बटणात होत नाही. लोक याला कमतरता म्हणतात, मला हीच त्याची सगळ्यात चांगली गोष्ट वाटते, कारण जिथे ब्रश फिरवाल तिथेच बदल होतो, बाकीच्या चेहऱ्याला कोणी हात लावत नाही.

याचं उदाहरण माझ्या घरातच झालं. आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं, मोठी फ्रेम करायची होती, घरच्यांनी परस्पर एका स्टुडिओत फोटो काढला आणि रिटचसकट प्रिंट आणली (नाव सांगत नाही, विचारू नका). आजीनं फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "हे मी नाही बाप्पा, माह्या कपाळावरचं गोंदण कुठी गेलं?" खरंच गेलं होतं. कपाळावरचं आणि हनुवटीवरचे तीन ठिपके, दोन्ही साफ. सॉफ्टवेअरनं किंवा ते चालवणाऱ्या पोरानं डाग समजून उडवून टाकलेलं, सोबत सुरकुत्या पण गेल्या आणि आजी पन्नाशीची, थोडी सुजलेली, अनोळखी बाई दिसून राहिली होती. मग मी त्यांच्याकडून मूळ फाइल पेनड्राइव्हवर मागून घेतली आणि गिम्प उघडलं.

तिथे नेमकं काय केलं ते सांगतो, कारण रिव्ह्यू म्हणून "छान आहे, वापरा" लिहून काही फायदा नाही.

सगळ्यात पहिले लेयरची, म्हणजे फोटोच्या थराची कॉपी, शिफ्ट कंट्रोल डी. मूळ लेयरला हात लावायचाच नाही, तो खाली तसाच पडून राहू द्यायचा. मग हील टूल, एच दाबलं की येतं. कंट्रोल धरून शेजारच्या चांगल्या त्वचेवर क्लिक करायचं आणि मग डागावर. क्लोन आणि हील यात लोक गोंधळ करतात. क्लोन जसंच्या तसं उचलून डकवतं, त्यामुळे गालाच्या उजेडातला तुकडा जबड्याच्या सावलीत ठेवला तर ठिगळ दिसतं, हील मात्र उचललेल्या जागेचा पोत घेतं आणि रंग-उजेड जिथे लावताय तिथला धरतं. फोटोशॉपमध्ये हीलिंग ब्रश २००२ ला आला, गिम्पमध्ये २००७ ला, म्हणजे दोन्हीकडे आता मुरलेलं टूल आहे आणि सुट्या डागांसाठी मला तरी फरक जाणवत नाही. ब्रश डागापेक्षा जरासाच मोठा ठेवा आणि एका जागेवरून सारखं सारखं उचलू नका, नाहीतर एकच रंध्र चेहराभर दिसतं.

काय काढायचं आणि काय ठेवायचं याचा माझा नियम सरळ आहे. जे पंधरा दिवसांत आपोआप गेलं असतं ते काढायचं, घामोळ्या, पुळी, डास चावल्याची गांध, दाढी करताना लागलेलं. जे माणसासोबत राहतं ते ठेवायचं, तीळ, जुना व्रण, गोंदण. सुरकुत्या थोड्या हलक्या करता येतात पण काढायच्या नाहीत.

आजीच्या गालावर वांग आहेत, ते हीलनं करायला गेलं तर गाल चट्ट्यापट्ट्याचा होतो. तिथे गिम्पचं खरं हत्यार निघतं. फिल्टर्समध्ये एन्हान्स, त्यात वेव्हलेट डिकम्पोज. २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून हे आतच दिलेलं आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. हे काय करतं तर फोटोचे बारीक-मोठ्या तपशिलानुसार थर वेगळे करतं, न छेडता चालवलं तर पाच थर आणि खाली एक उरलेला, ज्यात फक्त रंग आणि उजेड-सावली असते. सगळ्यात बारीक थरात त्वचेची रंध्रं आणि केस, मधल्या थरांत सुरकुत्या आणि खडबडीतपणा. वांग म्हणजे रंगाचा फरक, तो मुख्यतः खालच्या थरात आणि त्याच्या वरच्या एखाद्या जाड थरात सापडतो. मग फ्री सिलेक्टनं गालाचा तेवढा भाग निवडायचा, कडा चांगली फेदर म्हणजे मऊ करायची, आणि फक्त त्या थरावर हलका गाउशियन ब्लर, म्हणजे थोडं धूसर करायचं. रंध्रं वरच्या थरात सुरक्षित असतात, त्यामुळे रंग एकसारखा होतो पण कातडी कातडीच राहते. पैसे घेऊन काम करणारे फ्रिक्वेन्सी सेपरेशन म्हणून हेच करतात, तिथे दोन थर असतात, इथे सहा मिळतात. आजीचे वांग मी पूर्ण नाही काढले, निम्म्यावर आणून सोडले.

डोळ्यांचं पण सांगतो, कारण आपल्याकडे दुपारचे फोटो फार. फुटाळा तलावावर बारा वाजता उभं करून फोटो काढला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या येणारच, ऊन डोक्यावर असतं त्याला सॉफ्टवेअर काय करेल. तरी नवीन पारदर्शक लेयर घ्या, मोड सॉफ्ट लाइट, मऊ पांढरा ब्रश, अपॅसिटी (ब्रशचा गडदपणा) दहाच्या आसपास, आणि खोबणीवर हळूहळू फिरवा. लेयर वेगळा असल्यानं जास्त झालं तर कमी करता येतं. बुबुळाभोवतीचं पांढरं एकदम शुभ्र करू नका, भूत दिसतं.

हळदीचे फोटो हा वेगळाच विषय आहे. पिवळी साडी, पिवळा मांडव, अंगाला हळद, सगळं पिवळं हनुवटीखाली परावर्तित होतं. ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणारं बटण) दाबला की नवरी निळसर, आजारी. त्यापेक्षा लेव्हल्समध्ये मधला ग्रे ड्रॉपर घ्या आणि फोटोत जे खरंच पांढरं किंवा राखाडी आहे, मामाची टोपी, धोतर, पातेल्याची सावलीतली बाजू, त्यावर क्लिक करा. दोन-तीन जागी करून बघा, एक बरोबर बसते. थोडा पिवळेपणा राहू द्या, हळदच आहे ती.

आणि खर्रा (तंबाखू-सुपारी घोटून केलेला) खाणारे काका. नागपुरात राहून हा विषय टाळता येत नाही. ह्यू-सॅच्युरेशनमध्ये पिवळा निवडून सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) खाली आणि लाइटनेस थोडा वर, साध्या पिवळट दातांना एवढं बस होतं, पण खर्र्याचा डाग तपकिरी-लाल असतो, त्यासाठी लाल पण कमी करावा लागतो आणि मग ओठ पांढरे पडतात. म्हणून आधी फक्त दात सिलेक्ट करा, कडा फेदर करा, मग हे सगळं. तरी हसू पेपसोडेंटवालं होणार नाही, होऊ पण नये, काकांना ओळखणारे लोक आहेत.

३.० मधली सगळ्यात कामाची सुधारणा म्हणजे असे फिल्टर आता लेयरला चिकटून राहतात. लेव्हल्स, ह्यू-सॅच्युरेशन, ब्लर काहीही लावा, लेयरपाशी एफएक्सची खूण येते, उद्या उघडून आकडे बदलता येतात. आधी एकदा लावलं की लागलं, मागे जायचं तर अनडू. फोटोशॉपवाले म्हणतील आमच्याकडे कधीचं आहे, हो आहे, आणि त्यांचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर अजूनही जास्त सोयीचा आहे हे मान्य.

आता तक्रारी. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली कच्ची फाइल) गिम्प स्वतः उघडत नाही, डार्कटेबल किंवा रॉथेरपी सोबत टाकावं लागतं, दोन्ही फुकट आहेत पण अजून एक गोष्ट शिकणं आलं. सेव्ह केलं की फक्त त्याची एक्ससीएफ फाइल बनते, जेपेग पाहिजे तर एक्सपोर्ट करा, नवीन माणूस इथे हमखास वैतागतो. २.१० चे जुने प्लगइन ३.० मध्ये जसेच्या तसे चालत नाहीत, त्यामुळे जुने यूट्यूब व्हिडिओ पाहून शोधत बसाल तर मेनूत ते सापडणारच नाही. चेहरा ओळखून त्वचा आपोआप निवडणारं काही नाही, फोटोशॉपमध्ये २०२० पासून न्यूरल फिल्टर आहेत तसलं इथे विसरा. चष्म्यावरची चमक काढणं पण इथे डोकेदुखीच आहे, भाऊ, चष्मा थोडा खाली झुकवून फोटो परत काढा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि मोठा फोटो असेल तर वेव्हलेटचे सहा थर उघडल्यावर कमी रॅमचा लॅपटॉप घुरघुरतो, मे महिन्यात तर कूलर जास्त आवाज करते की लॅपटॉप तेच कळत नाही.

वॉर्प टूल पण आहे, डब्ल्यू दाबलं की येतं, गाल आत ढकलता येतात, हनुवटी कमी होते. एका ताईनं बायोडाटासाठी तसं करून मागितलं, मी नाही केलं. समोरच्यांकडे चहा-पोह्याला जायचंच आहे ना, तिथे कोणतं टूल नेणार? व्हिसाच्या फोटोवर तर यातलं काहीच करू नका, अमेरिकेच्या व्हिसाला एडिट केलेला चेहरा चालत नाही असं त्यांच्या नियमातच लिहिलं आहे.

प्रिंटचं शेवटचं. बारा बाय अठरा इंचाची फ्रेम ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे ३६०० बाय ५४०० पिक्सेल, २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून आरामात निघते, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेल्या फाइलमधून नाही, डॉक्युमेंट म्हणून मागवा. नागपूरच्या बर्डीतल्या लॅबला एसआरजीबी (रंगांची नेहमीची पद्धत) जेपेग द्या, क्वालिटी ९५ च्या वर. लॅपटॉपचा ब्राइटनेस फुल ठेवून रिटच कराल तर प्रिंट हमखास काळपट येते, निम्म्यावर आणा आणि संध्याकाळी करा. मोठी काढायच्या आधी त्याच फाइलची चार बाय सहा काढून घ्या, तेवढ्या पैशात चेहऱ्याचा रंग कळतो. आजीची मी तशीच काढली, गोंदण थोडं फिकं वाटलं, परत येऊन तेवढ्याच ठिपक्यांवर गडद करणारं बर्न टूल हलकं फिरवलं आणि मग मोठी दिली.