जुनी अलॉय घेताय? ओरिजिनल सेट आणि रिप्लिका, समोरासमोर

वडोदऱ्यात गाडीच्या जुन्या अलॉय चाकांच्या शोधात निघालात की दोन प्रकारचा माल समोर येतो. एक म्हणजे एन्केई, ओझेड अशा नावाचा ओरिजिनल सेट: रंग थोडा उतरलेला, लिपवर, म्हणजे चाकाच्या काठावर, फुटपाथला घासल्याचे ओरखडे. दुसरा म्हणजे रेजच्या टीई३७ किंवा बीबीएसच्या आरएससारखा दिसणारा, चकचकीत रिप्लिका सेट, जेमतेम वर्षभर वापरलेला. किंमत बऱ्याचदा उन्नीस-बीसच असते. पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून गाडीला टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर) आणि रुंदी हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. प्रश्न दोनच: यातला कुठला उचलायचा, आणि ‘ओरिजिनल’ म्हणून दाखवलेला सेट खरंच ओरिजिनल आहे हे ओळखायचं कसं.

आधी एक फरक लक्षात घ्या. रिप्लिका म्हणून विकल्या जाणाऱ्या मालातही दोन जाती आहेत. एकात डिझाइन उचललेलं असतं, पण चाकावर बनवणाऱ्याचं स्वतःचं नाव असतं आणि नशीब असेल तर भारतीय मानकाचा आयएसआय मार्कही. हा माल निदान स्वतःबद्दल खोटं बोलत नाही. दुसऱ्यात नावही उचललेलं असतं. बाजारात त्याला ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात. या दुसऱ्या जातीच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जो नाव खोटं लावतो, त्याने लोड रेटिंग, म्हणजे चाक किती वजन पेलतं तो आकडा, खरं लावलं असेल यावर विश्वास कसा ठेवायचा?

ओळखायचं चाकाच्या पाठीवरून. समोरची बाजू आणि सेंटर कॅप यांवर वेळ घालवू नका, कॅप तर सुट्या मिळतात. चाक उलटं ठेवा, ब्रेकची काळी धूळ ओल्या फडक्याने पुसून काढा आणि हबच्या पॅडभोवती (गाडीला टेकणाऱ्या मधल्या सपाट भागाभोवती) व स्पोकच्या पाठीवर काय आहे ते वाचा. चांगल्या ओतीव चाकावर साधारण इतकं सापडतं: बनवणाऱ्याचं नाव किंवा चिन्ह, १५×६.५ जेजे अशा धर्तीचं माप, ऑफसेट, ‘मॅक्स लोड’ आणि पुढे किलोचा आकडा, आणि कुठेतरी एक छोटी गोल तबकडी, जिच्यावर बाणाने ओतल्याचा महिना आणि वर्ष दाखवलेलं असतं. ही अक्षरं साच्यातूनच उठून आलेली असतात. कडा किंचित गोलसर, रंग त्यांच्यावरून सलग गेलेला. चारही चाकांच्या तबकड्या जुळवून पाहा. महिना-दोन महिन्यांचा फरक चालतो. एकाच चाकाचं वर्ष भलतंच निघालं, तर ते नंतर आणून बसवलेलं आहे.

जपानी चाकांवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए अशी दोन चिन्हं असतात. जेडब्ल्यूएल म्हणजे अलॉय चाकांच्या जपानी मानकाप्रमाणे चाक तपासल्याचं बनवणाऱ्याने स्वतः सांगणं. व्हीआयए म्हणजे बाहेरच्या तपासणीनंतर झालेली नोंद. जर्मन बाजारासाठीच्या चाकांवर केबीए (तिथल्या सरकारी वाहन कार्यालयाचं नाव) आणि त्यापुढे पाच आकडी नंबर असतो, तो त्या मॉडेलशी बांधलेला असतो आणि शोधून ताडता येतो. पण नुसतं जेडब्ल्यूएल दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. ओतीव अक्षरांची नक्कल करणं कुणालाही जमतं. नकली माल उघडा पडतो तो तपशिलांच्या विसंगतीत. जेडब्ल्यूएल आहे, पण लोडचा आकडा नाही. ऑफसेट नंतर पंच मारून ठोकलाय. पाठीवर ज्या मापाची नोंद आहे, ते माप त्या कंपनीने त्या मॉडेलमध्ये कधी काढलंच नाही. कंपनीच्या कॅटलॉगशी माप ताडून पाहणं ही सगळ्यात खात्रीची चाचणी आहे आणि फुकटही.

मॉडेलनिहाय काही खुणा मात्र ठाम आहेत. बीबीएसच्या चाकावर दोन अक्षरं आणि तीन आकडे असा मॉडेल नंबर असतो. खरं आरएस तीन तुकड्यांचं असतं, बोल्ट खरोखर तुकडे धरून ठेवतात. रिप्लिका बहुधा एकसंध असते आणि बोल्ट नुसते शोभेचे. टीई३७ हे फोर्ज केलेलं, म्हणजे ओतलेलं नव्हे तर दाबून घडवलेलं, चाक आहे, त्यामुळे वजनातच कळतं. सामान काट्यावर, म्हणजे हूकवाल्या छोट्या डिजिटल काट्यावर, टायर काढलेलं चाक टांगा. त्याच मापाच्या खऱ्या चाकाचं वजन शोधणं अवघड नाही. फोर्ज म्हणून विकलं जाणारं चाक त्याहून दीड-दोन किलो जड भरलं, तर पुढे बोलायचं कारण उरत नाही. आठ भोकांचं, दोन पीसीडीचं चाक बहुतेकदा ‘सगळ्यांना बसेल’ अशा स्वस्त मालाचं लक्षण असतं. काही चांगल्या कंपन्यांनीही तशी चाकं काढली आहेत, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नये.

लोडचा हिशेब घरीच करा. गाडीचं भरलेलं वजन १५०० किलो धरलं आणि पुढच्या अॅक्सलवर ६० टक्के, तर ९०० किलो. एका चाकाच्या वाट्याला ४५०. चाकावर ५०० किंवा त्याहून जास्त लिहिलेलं हवं. काहीच लिहिलेलं नसेल तर मी पुढचं बघतच नाही.

आता रिप्लिकाच्या बाजूने बोलायचं ते मनापासून. बसवण्यात ती सोपी आहे. इथल्या गाड्यांसाठी काढलेली असल्याने पीसीडी आणि ऑफसेट जुळतो, नट त्याच दुकानात मिळतात, एखादं चाक गेलं तर जोडीचं मिळायची शक्यता असते. जुन्या ओरिजिनलचं तसं नाही. कंपनीचा ऑफसेट ४५ असताना ३५ चा सेट मिळाला, तर त्याच रुंदीचं चाक १० मिमी बाहेर येतं आणि भरल्या गाडीत फेंडरला घासू शकतं. मधलं भोक बऱ्याचदा ७३.१ मिमीचं, स्विफ्ट किंवा आय२० चा हब (गाडीचा त्या भोकात बसणारा गोल उंचवटा) ५४.१ चा, पोलोचा ५७.१, सिटीचा ५६.१. मधली फट भरणाऱ्या रिंगशिवाय बसवलं की चाक केंद्रात बसत नाही आणि ८०-१०० च्या वेगाला स्टीअरिंग थरथरतं. अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर हे लगेच कळतं, शहरात कळत नाही. प्लॅस्टिकच्या रिंग मिळतात, पण ब्रेकच्या उष्णतेने त्या सैलावतात. मकरपुरा जीआयडीसीत लेथवाल्यांची वाण नाही. अॅल्युमिनियमच्या चार रिंग खरादून घ्या. चाकाचं भोक आणि हब दोन्ही व्हर्नियरने मोजून द्या, कागदावरच्या आकड्यावर जाऊ नका. आतल्या कडेला छोटा चॅम्फर, म्हणजे तिरका छेद, सांगायला विसरू नका, कारण हबच्या मुळाशी गोलाई असते आणि चॅम्फर नसेल तर रिंग तिथे अडून चाक पूर्ण टेकत नाही.

नटांचंही पाहा. बाजारातल्या चाकांना बहुधा ६० अंशाची शंकूची बैठक असते. पोलोचे किंवा सिटीचे कंपनीचे गोल बैठकीचे बोल्ट-नट तिथे वापरले, तर ते एका रेषेवरच टेकतात आणि ढिले होतात. नवे घ्या. १२ मिमीच्या स्टडवर १.५ चा आटा असेल तर निदान आठ फेरे, १.२५ असेल तर दहाच्या आसपास, एवढा नट आत जायला हवा. ही सगळी दगदग रिप्लिकात वाचते, हे खरं आहे.

तरीही माझा कौल ओरिजिनलकडे गेला तो एकाच गोष्टीमुळे: हवा. चाकाची हवा हळूहळू उतरणं.

चांगल्या ट्यूबलेस टायरची हवा महिन्याला एक-दोन पीएसआयने उतरते, त्यात विशेष नाही. सच्छिद्र ओतकामाच्या रिप्लिकात तेवढी आठवड्यात, कधी त्याहून लवकर जाते. वितळलेल्या अॅल्युमिनियममध्ये हायड्रोजन विरघळलेला असतो. तो नीट काढला नाही, साचा भरायची घाई केली, की धातूत बारीक भोकं राहतात. मग बॅरल (ज्यावर टायर चढतो तो चाकाचा गोल पट्टा) मशीनवर घासताना ती उघडी पडतात आणि वर नुसता रंगाचा थर उरतो. रंग टिकतो तोवर सगळं ठीक. टायर दोन-तीनदा उतरवला-चढवला, बीडपाशी, म्हणजे टायरची कड रिमला टेकते तिथे, रंग सोलला, की गळती सुरू. आणि ती सापडत नाही, हा खरा ताप. टायरवाला पंक्चर शोधतो, मिळत नाही. व्हॉल्व्ह बदलतो. बीडला सीलर लावतो. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. खात्री करायची तर हवा ३५-४० पीएसआय भरून पूर्ण चाक पाण्याच्या टाकीत बुडवावं लागतं. बुडबुडे बीडच्या कडेने न येता स्पोकमागच्या कोऱ्या धातूतून, सुईच्या टोकाएवढे, एकापाठोपाठ येताना दिसतात. एकदा पाहिलं की पुढे शंका राहत नाही. आतून इपॉक्सीचा थर दिला तर काही काळ थांबतं.

हा नुसता कटकटीचा विषय असता तर सोडून दिला असता. पण हवा कमी असताना खड्डा लागला की मार थेट रिमला बसतो. पावसाळ्यानंतर आपल्याकडचे रस्ते कसे होतात ते सांगायला नको. लिप वाकते, बीड नीट बसत नाही, गळती वाढते, पुढचा खड्डा आणखी वाकवतो. इथेच हीट ट्रीटमेंटचा प्रश्न येतो. अलॉय चाकांसाठी ए३५६ मिश्रधातू सर्रास वापरतात. तो टी६ प्रक्रियेने, म्हणजे सुमारे ५४० अंशांना तापवून, विझवून, मग दीडशेच्या आसपास शेकून, ताकद धरतो. ही पायरी टाळलेलं चाक मऊ राहतं आणि लवकर वाकतं. शिवाय टॉर्चने तापवून सरळ केलेलं चाक, मग ते ओरिजिनल असलं तरी, त्या जागी ही ताकद गमावून बसतं.

म्हणून जुना ओरिजिनल सेटही डोळे झाकून घेऊ नये. विकणाऱ्याला तुमच्या ओळखीच्या टायरवाल्याकडे बोलवा. चाक बॅलन्सिंग मशीनवर फिरवून आतल्या लिपकडे नजर ठेवा. काठाजवळ पेचकसाचं टोक स्थिर धरलं की डगमग दिसते. मिलिमीटरभराहून जास्त असेल तर सोडा. एका बाजूला ६०-७० ग्रॅमहून जास्त वजनं चिकटवलेली दिसली तर कारण विचारा. बॅरलच्या आत एखादाच पट्टा ताज्या रंगाचा किंवा ग्राइंडर फिरवल्यासारखा गुळगुळीत असेल, तर तिथे वेल्डिंग असणार. लिपवरचं वेल्डिंग एक वेळ चालवून घेता येईल, स्पोकवरचं किंवा नटांच्या भोकांजवळचं कधीच नाही. तडा असल्याचा संशय आला तर त्या जागी रॉकेल लावा, पुसून कोरडं करा, वर खडूची पूड घासा. तडा असेल तर काही मिनिटांत पुडीवर ओली रेघ उमटते. नटांच्या बैठका लंबगोल झाल्यात का तेही पाहा. तीन तुकड्यांच्या चाकात जोडाचं जुनं सीलंट गळू शकतं. ते पुन्हा भरून घेता येतं, पण ते काम माहीतगाराकडूनच करून घ्यावं.

रिप्लिका कुणी घ्यावी? गाडी शहरातल्या शहरातच चालते, चौघं बसून लांबचा प्रवास नाही, आणि चाकावर बनवणाऱ्याचं खरं नाव, आयएसआय मार्क आणि लोडचा आकडा आहे, अशांना मी अडवणार नाही. दिसायला ती छान असतात. पण आठवड्याला हायवे पकडणाऱ्याने साध्या डिझाइनचा, कमी दिखाऊ, ओतीव ओरिजिनल सेट घ्यावा असं मला वाटतं. गाजलेल्या फोर्ज मॉडेलच्या मागे लागू नये, कारण नकली माल नेमका तिथेच सगळ्यात जास्त आहे. आणि या दोन्हींआधी एकदा कंपनीच्या वरच्या व्हेरियंटची, दुसऱ्याने काढून ठेवलेली अलॉय मिळतात का विचारून बघा; त्यांना रिंग लागत नाही, फक्त नट त्यांच्याच बैठकीचे हवेत.

कुठलाही सेट घेतलात तरी विमा कंपनीला बदल कळवा. नट टॉर्क रेंचनेच आवळा. आकडा गाडीच्या पुस्तिकेतला, १२ मिमीच्या स्टडला साधारण १०० न्यूटन मीटर. ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा तपासा, आणि पहिला महिनाभर दर आठवड्याला सकाळी, गाडी थंड असताना, चारही चाकांची हवा लिहून ठेवा. महिन्याच्या आत जे चाक बाकीच्या तिघांपेक्षा वेगळं वागेल, ते पाण्यात बुडवून बघा.