तेलाच्या गुळण्या, कोळसा आणि लवंगतेल: काही महिने वापरल्यावर

तेलाच्या गुळण्या सुरू करून आता बरेच महिने झालेत, त्यामुळे मत द्यायला हरकत नाही. एक चमचा तिळाचं तेल, सकाळी उपाशीपोटी. आयुर्वेदात तोंड गच्च भरून तेल नुसतं धरून ठेवायचं त्याला गंडूष म्हणतात आणि खुळखुळवायचं त्याला कवल. मी करते तो कवल. सुरुवातीला गाल जाम दुखतात. मग लाळ मिसळून तेल पातळ, पांढुरकं होतं आणि तेव्हा कुठे ते दातांच्या फटींतून नीट फिरायला लागतं. वीस मिनिटं करा म्हणतात. माझा धीर दहा मिनिटांतच संपतो. तेल गिळायचं नाही आणि बेसिनमध्येही थुंकायचं नाही, पाइप तुंबतो. ठसका लागणाऱ्यांनी या भानगडीत पडूच नये. तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनियासारखा त्रास होऊ शकतो.

फायदा? सकाळचा तोंडाचा वास बराच कमी झाला. हिरड्यांतून रक्त येणंही थांबलं, पण त्याच सुमारास मी रोज फ्लॉस (दातांच्या फटींत दोरा फिरवणं) करायला लागले होते, तेव्हा सगळं श्रेय तेलाला देणार नाही. खालच्या पुढच्या दातांमागचं कीटण मात्र जसंच्या तसं होतं. ते एकदा दगडासारखं झालं की स्केलिंगच, म्हणजे डॉक्टरांकडून खरवडून काढणंच, लागतं.

कोळशाची पावडर आठवड्याभरात बंद केली. बोटांत चोळून बघा, खरखर लगेच कळते. ती वरचे डाग खरवडून काढते, पण सोबत इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरणही झिजू शकतं, आणि ते परत तयार होत नाही. त्याखालचा थर, डेंटिन, मुळातच पिवळसर, म्हणजे पांढरेपणाच्या नादात दात आणखी पिवळे दिसायचे!

लवंगतेलातल्या युजेनॉल या घटकामुळे दुखरा दात थोडा वेळ बधिर होतो, हे खरं. नुसतं लावलं तर हिरडी भाजते, म्हणून दुसऱ्या तेलात एखादा थेंब. पण ठणका थांबला म्हणजे कीड थांबली असं नाही, डॉक्टरांकडे जावंच लागतं.

टूथपेस्ट सोडलेली नाही, तीही १००० ते १५०० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) फ्लोराइडचीच. फ्लोराइड नकोच असेल त्यांनी हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटची (इनॅमल ज्याचं बनलेलं असतं ते खनिज) बघावी. निव्वळ वनौषधींच्या मंजनापेक्षा मला ती पटते. तेल आता सवड असेल तेव्हाच. जीभ खरवडायची जिभली मात्र रोज.