आरटीआय ऑनलाइन पोर्टल : विद्यार्थी संशोधकांच्या नजरेतून

वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, सफाई कामगारांचे हक्क अशा प्रश्नांवर अभ्यास करून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आमदारांच्या हाती अहवाल द्यायचा, तर कागदपत्रे मिळवण्याचे सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे राज्य सरकारचे आरटीआय (माहिती अधिकार) ऑनलाइन पोर्टल. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. माहिती कशाला हवी, हे सांगण्याची गरज नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम ६(२) तसे स्पष्ट म्हणते. पण अधिवेशन डिसेंबरात असेल, तर अर्ज जुलैत गेला पाहिजे. उत्तराला ३० दिवस, ते आले नाही तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे प्रथम अपील, त्याच्या निर्णयाला ३० ते ४५ दिवस. १० जुलैचा अर्ज या हिशेबाने सप्टेंबरअखेरीस अपिलाच्या निर्णयापर्यंत पोचतो. शैक्षणिक सत्र सुरू झाल्यावर महिनाभर विषयच ठरत नाही, अशा गटांचे गणित इथेच चुकते.

पोर्टलची खरी ताकद नोंदणी क्रमांक. अर्ज कधी दाखल झाला यावर वाद उरत नाही, आणि अपिलात सगळा खेळ तारखेचाच असतो. क्रमांक आणि पावती गटातल्या एकाच्याच मोबाइलवर ठेवू नका. तो विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेला की पाठपुरावा थांबतो.

कच्चा दुवा म्हणजे कार्यालयाची निवड. स्वाधार योजनेचेच घ्या. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला नागपूर शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. त्यांच्या अर्जांची नोंद जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे असते. माहितीचा अर्ज मंत्रालयातल्या विभागाला केला, तर तो कलम ६(३) नुसार पाच दिवसांत हस्तांतरित व्हायला हवा. प्रत्यक्षात कागद टेबलांवरून फिरत राहतो. हवे ते कार्यालय यादीत दिसत नसेल तर जवळपासचे निवडू नका. जोडपत्र ‘अ’ (माहिती अर्जाचा छापील नमुना) भरा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या.

सगळ्यात जास्त वेळ प्रश्न लिहिण्याला द्या. २०१२ पासून महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द ही मर्यादा आहे. ‘विद्यार्थ्यांना हप्ते उशिरा का मिळतात?’ असे विचारले की ‘हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असे उत्तर येते, आणि ते कायद्याला धरूनच असते. कारण नको, कागद मागा : ‘२०२२-२३ ते २०२४-२५ या वर्षांत स्वाधारसाठी प्राप्त, मंजूर व नामंजूर अर्जांची वर्षनिहाय संख्या, नामंजुरीच्या कारणांची नोंद असलेल्या यादीची प्रत, नावे वगळून, प्रत्येक हप्ता वितरणाच्या आदेशाची प्रत.’ आदेशाची तारीख आणि शैक्षणिक वर्षाची सुरुवात शेजारी ठेवली की उशीर आपोआप मोजता येतो. ‘नावे वगळून’ हे दोन शब्द विसरू नका. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातला व्यक्तिगत माहिती न देण्याचा अपवाद अधिक कडक केला आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० मुळे अशी माहिती वगळून उरलेला भाग देता येतो, ते अर्जातच नमूद करा.

उत्तर बहुधा स्कॅन केलेल्या पानांत येते. आकडे हाताने तक्त्यात भरावे लागतात. दोघांनी स्वतंत्र भरून ताळा करा. ‘माहिती विस्तृत आहे’ असे उत्तर आले तर पाहणीची मागणी करा. तीन-चार जणांनी जाऊन नोंदवही पाहायची, नेमकी पाने टिपायची आणि तेवढ्याच प्रती पानाला २ रुपये दराने घ्यायच्या. मुदत उलटून दिलेल्या माहितीचे मात्र पैसे लागत नाहीत, कलम ७(६).

प्रथम अपिलाचे शुल्क २० रुपये, मुदत ३० दिवस. अपिलात कार्यालयावर राग काढू नका. कोणता मुद्दा अनुत्तरित राहिला ते क्रमांकाने लिहा. दुसरे अपील ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे करता येते. प्रलंबित प्रकरणे पाहता त्याचा निकाल याच वर्षीच्या अहवालाला मिळेल असे धरू नका. अपील तरीही करा, पुढच्या वर्षीच्या गटाला तो कागद हाती मिळेल. अहवालात मात्र ‘माहिती मागितली, मिळाली नाही’ हे अर्जाच्या तारखेसह छापा.