अल्वारेझ की रचमन? कॅचरच्या जागेचा हिशोब

आमची ऑफिसची फॅन्टसी बेसबॉल लीग बारा जणांची: खरे खेळाडू आपापल्या टीममध्ये घ्यायचे आणि त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण मिळवायचे. सात जण न्यू जर्सीत, आम्ही पाच पुण्यात. ड्राफ्ट, म्हणजे खेळाडू निवडायचा दिवस, जवळ आला की ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो: कॅचर, म्हणजे बेसबॉलचा विकेटकीपर, कोण घेऊ? या वेळी गाडी दोन नावांवर अडली आहे, न्यूयॉर्क मेट्सचा फ्रान्सिस्को अल्वारेझ आणि बाल्टिमोर ओरिओल्सचा ॲडली रचमन. दोघंही नावाजलेले, दोघांनीही २०२५ मध्ये आपल्या मालकांना रडवलं, आणि म्हणूनच दोघंही आता पूर्वीपेक्षा स्वस्तात हाती लागतील.

आधीच सांगतो, मी अल्वारेझ घेणार. पण तुमच्या लीगचे नियम वेगळे असतील तर उत्तर उलटंही येऊ शकतं.

अल्वारेझनं २०२३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, १२३ सामन्यांत २५ होमरन मारले. ॲव्हरेज, म्हणजे बॅटिंगच्या संधींमागे हिटचं प्रमाण, होतं .२०९. लागला तर प्रेक्षकांत, नाही तर स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, असा सगळा मामला. पुढच्या दोन्ही हंगामांत होमरन ११ आणि ११. नुसते आकडे वाचणारा इथेच पान उलटतो. ते ११ कसे झाले हे मात्र बघायला हवं. एप्रिल २०२४ मध्ये पहिल्या बेसला वळसा घालताना तो धडपडला आणि डाव्या अंगठ्याचं लिगामेंट फाटलं. मार्च २०२५ मध्ये सरावात डाव्या हाताचं हॅमेट हाड मोडलं.

हे हाड कुठे असतं ते कळायचं असेल तर स्वयंपाकघरातून लाटणं आणा आणि दोन्ही हातांनी बेसबॉलच्या बॅटसारखं धरा, डावा हात खाली. लाटण्याची टोकाची गाठ डाव्या तळहातावर जिथे रुतते, करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या जरा वर, तिथे आतमध्ये हे आकड्यासारखं छोटं हाड आहे. प्रत्येक जोरदार फटक्याचा दणका तिथेच बसतो. शस्त्रक्रियेनंतर खेळाडू दीड-दोन महिन्यांत मैदानावर दिसतो, पण फटक्यातली ताकद अनेकदा मागाहून, सावकाश येते. अल्वारेझ एप्रिलच्या शेवटी परतला. ३५ सामन्यांत ३ होमरन, ॲव्हरेज .२३६, कीपिंगही ढिसाळ. जूनमध्ये मेट्सनं त्याची रवानगी सिराक्यूसला, म्हणजे ट्रिपल-ए या मुख्य लीगच्या खालच्या पायरीवर केली. आमच्या लीगमध्ये त्याच दिवशी तो वाऱ्यावर सोडला गेला, आणि सोडणारा मीच होतो.

२१ जुलैला तो परत आला आणि उरलेल्या ४१ सामन्यांत त्यानं ८ होमरन ठोकले. हंगाम संपला तेव्हा ॲव्हरेज .२५६. ४१ सामन्यांवरून भविष्य सांगू नये हे खरं. तरीही याच गतीनं ११० सामने मिळाले तर होमरन विसाच्या पुढे जातात, आणि बारा टीमच्या लीगमध्ये कॅचरकडून याहून जास्त मागणारा माणूस लोभी म्हणायचा.

आता त्याची काळी बाजू, आणि ती छोटी नाही. ऑगस्टमध्ये दुसऱ्या बेसवर सूर मारताना उजव्या अंगठ्याचं लिगामेंट दुखावलं. त्यातून सावरतानाच्या सामन्यात करंगळी मोडली. तशाच हातांनी तो सप्टेंबरमध्ये खेळला. लॉर्ड्सवर पंतच्या बोटाला लागलं तेव्हा ज्युरेलनं ग्लोव्ज घातले आणि पंत निवांत बॅटिंगला आला. बेसबॉलमध्ये ही सोय नाही. एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. त्यामुळे कॅचरचा हात दुखला की तुमच्या टीमची बॅटच जाते. मेट्सकडे लुईस टोरेन्ससारखा बरा दुसरा कॅचर आहे, म्हणजे विश्रांती द्यायलाही ते कचरणार नाहीत.

रचमनची गोष्ट थोडक्यात आटपते, कारण ती मला कमी कळते. २०१९ च्या खऱ्या ड्राफ्टमध्ये सगळ्यात आधी निवडलेला खेळाडू, २०२३ मध्ये ॲव्हरेज .२७७, २० होमरन, ८० आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर निघालेले रन). २०२४ मध्ये हंगामाच्या मध्यावरच्या ऑल-स्टार सामन्यापर्यंत १६ होमरन आणि त्यानंतर फक्त ३, ॲव्हरेज .२०७. मधे एक फाउल चेंडू हातावर बसला होता, पण तेवढ्यानं माणूस अर्धा हंगाम गायब होतो का? २०२५ च्या पहिल्याच सामन्यात टोरंटोत त्यानं दोन होमरन मारले आणि त्याचे मालक नाचले. पुढच्या ८९ सामन्यांत मिळून सात. आधी डाव्या, मग उजव्या कुशीचा स्नायू गेला, ॲव्हरेज .२२०. अल्वारेझची घसरण हाताच्या एक्स-रेवर बोट ठेवून दाखवता येते. रचमनची घसरण दुखापतींच्या आधीच सुरू झाली होती, आणि मला खटकतं ते हेच.

त्यात सॅम्युअल बसायो. एकवीस वर्षांचा हा डॉमिनिकन कॅचर ऑगस्ट २०२५ मध्ये ओरिओल्सच्या मुख्य टीममध्ये आला आणि आठवडाभरात ओरिओल्सनं त्याच्याशी आठ वर्षांचा, ६ कोटी ७० लाख डॉलरचा करार केला. त्याचं ॲव्हरेज .१६५ होतं, ते सोडा, पैसा कुठे लागलाय ते बघा. पहिल्या बेसवर खेळणारा पीट अलॉन्सो मेट्स सोडून ओरिओल्सकडे गेल्यानं पहिल्या बेसची जागाही भरली. म्हणजे बसायोला खेळवायचं तर कॅचर किंवा डीएच (फक्त बॅटिंग करणारा), आणि कीपिंगला सुट्टी असलेल्या दिवशी रचमनला हवी असते तीही डीएचचीच जागा.

मग रचमन कोणी घ्यावा? ज्यांच्या लीगमध्ये ॲव्हरेजऐवजी ऑन-बेस, म्हणजे खेळाडू किती वेळा बेसवर पोचला ते, मोजतात, किंवा स्ट्राइकआउटचे गुण कापतात, त्यांनी जरूर. वाईट वर्षातसुद्धा त्याची चेंडू पारखायची नजर शाबूत होती. अल्वारेझ साधारण चारातल्या एका वेळी स्ट्राइकआउट होऊन हात हलवत परततो. आणि रचमन डावी-उजवी अशा दोन्ही बाजूंनी बॅटिंग करतो, त्यामुळे समोर डावखुरा पिचर आला म्हणून सहसा बसत नाही.

तरुण कॅचर सुधारतात का, याला दोन उलटे दाखले आहेत. कॅल रॅलीनं २०२१ मध्ये ४७ सामन्यांत .१८० ॲव्हरेजनं २ होमरन मारले, पुढच्या वर्षी त्यालाही खाली पाठवलं, आणि २०२५ मध्ये त्याच माणसाचे ६० झाले. गॅरी सांचेझनं २०१६ मध्ये ५३ सामन्यांत २० मारले, २०१७ मध्ये ३३, आणि २०१८ मध्ये ॲव्हरेज .१८६ वर आलं ते पुढे कधी धड सावरलं नाही. म्हणून अल्वारेझवर सुरुवातीच्या फेऱ्या उधळू नका. पिचर, आउटफिल्डर भरून झाले की उतारावर घ्या. वर्षानुवर्षं खेळाडू राखणारी लीग असेल तर मात्र मी दोघांनाही सोडून बसायोकडे बघेन.

पुण्यातून खेळणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. मेट्सचा संध्याकाळचा घरचा सामना आपल्याकडे पहाटे ४:४० ला सुरू होतो आणि टीमची यादी येते रात्री एकच्या सुमारास. दुपारचा सामना मात्र आपल्या रात्री १०:४० ला असतो, आणि आदल्या रात्री कीपिंग केलेल्या कॅचरला त्या दिवशी बहुतेक वेळा सुट्टी मिळते. तेव्हा रात्री जेवणं उरकली की आधी यादी बघा, अल्वारेझ नसला तर त्याला बेंचवर टाका आणि मग झोपा.