1993 चा तुरेवाला रॅप्टर आणि माझे 47,840 रुपये

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्यावं. 47,840 रुपये. डायनासोरच्या खेळण्यांवर. टोकन 5,000, मग उरलेले 31,500, आणि वर 'कस्टम ड्यूटी' म्हणून 11,340. पुढे आणखी 18,900 मागितले तेव्हा कुठे थांबलो. हाती काय आलं? एक ट्रॅकिंग नंबर, आणि तोही कुठल्याच कुरिअरच्या साइटवर उघडत नाही.

टोकन घेऊन गायब होण्याचा प्रकार कसा चालतो हे आपल्या खेळणी-संग्राहकांत कुणाला समजावायची गरज नाही. मी स्वतः नवख्या पोरांना सांगत आलोय की व्हाउच (आधीच्या गिऱ्हाइकांनी दिलेली हमी) बघा, तारखेची चिठ्ठी वस्तूशेजारी ठेवून फोटो मागा. म्हणून तर जास्त जळफळाट होतो.

लॉट असा होता: केनरची 1993 ची मालिका. खोक्यासकट रेड रेक्स, पाणी थुंकणारा डायलोफोसॉरस कार्डावर सीलबंद, काही सुटे डायनासोर, सोबतची कलेक्टर कार्डं. ज्यांना हे वेड नाही त्यांच्यासाठी: 'ज्युरासिक पार्क' 1993 साली आला तेव्हा त्याची खेळणी केनरने काढली होती. रेड रेक्स म्हणजे त्यातला तांबूस रंगाचा, मऊ रबरी कातडीचा, डरकाळी फोडणारा टी-रेक्स. त्या मालिकेतल्या जनावरांच्या अंगावरचा मांसाचा तुकडा काढता येतो, आतली जखम दिसते. पायावर जेपीचा शिक्का. आमच्या लहानपणी हे इथे कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. सिनेमा 1994 मध्ये हिंदीत डब होऊन आला, आम्ही तो पाहिला आणि मग जत्रेतून काय आणलं, तर शेपटीवर रेलून माणसासारखा उभा राहणारा हिरवा पोकळ रबरी प्राणी, पोट दाबलं की शिट्टी वाजवणारा. पडद्यावरचा रेक्स शेपूट हवेत धरून आडवा धावत होता आणि आमच्या हातातला उभा! तेवढ्या वयातही कळलं होतं की हे खोटं आहे. तीस वर्षं मनात राहिलेली गोष्ट समोर आली की माणूस थोडा वाहवतो. ज्यांचं असं काहीच राहिलेलं नाही त्यांनी शहाणपण शिकवू नये.

विकणारा मराठी. "दादा, मी मूळचा पुण्याचाच, आता न्यू जर्सीला असतो." सासरे पूर्वी सिनसिनाटीला होते म्हणे, शेजारी केनरमध्ये नोकरीला. आता, केनर कंपनी सिनसिनाटीचीच होती हे खरंय, आणि हे माहीत असलेला माणूस रस्त्यावरचा भामटा नसणार असं मला वाटलं. (हे कुठेही दोन मिनिटांत वाचायला मिळतं हे नंतर सुचलं.) "इथल्या गोऱ्यांना दुप्पट भावात जाईल, पण आपल्या माणसाकडे राहावं असं वाटतं." मराठीत बोलणाऱ्या अनोळखी माणसाला पाच टक्के जास्त विश्वास द्यायची जी सवय आहे ना आपल्याला, ती सोडा.

आता तो क्षण. रोज रात्री आठवतो.

सुट्या डायनासोरांच्या फोटोत एक रॅप्टर (म्हणजे व्हेलोसिरॅप्टर) होता आणि त्याच्या डोक्यामागे पिसांच्या काड्यांसारखा तुरा होता. 1993 च्या रॅप्टरला तुरा नाही. ना पडद्यावर, ना खेळण्यात. तो तुरा आला 2001 च्या तिसऱ्या भागात, तोही नर रॅप्टरांना. हे मला माहीत होतं! मी त्याला तसं विचारलंसुद्धा, तो मेसेज आजही माझ्या फोनमध्ये आहे: "हा 93 चा कसा? तुरा दिसतोय." जो माणूस असा प्रश्न विचारतो तो बावळट नसतो, एवढं तरी मान्य करा.

उत्तर आलं: "दादा, तुम्ही पहिले आहात ज्यांनी हे ओळखलं. तो प्रोटोटाइप आहे. पिसं लावून बघितली होती, मग रद्द केली. सासऱ्यांच्या शेजाऱ्यांनी घरी नेलेला पीस आहे. वेगळे पैसे नको त्याचे."

मी पुरावा त्याच्या तोंडावर फेकला आणि त्याने त्याचाच गळ करून मला ओढलं.

हे पटलं कसं, याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते हावरटपणाएवढं सोपं नाही. पहिल्या सिनेमात डायनासोर आणि पक्षी यांचं नातं सतत कानावर पडतं. नायक अॅलन ग्रँट सुरुवातीलाच त्यावर बोलतो, शेवटी हेलिकॉप्टरच्या खिडकीतून उडणारे पक्षी दिसतात. मग 1993 मध्ये कुणीतरी एक पिसवाला नमुना करून पाहिला असेल, यात अशक्य काय? जीवाश्मशास्त्रज्ञ जॉन ऑस्ट्रॉम 1970 च्या दशकातच पक्षी डायनासोरांपासून आले असं मांडत होते. पण पिसांसारखे तंतू असलेला सायनोसॉरोप्टेरिक्स नावाचा डायनासोर चीनमध्ये 1996 ला उजेडात आला, आणि खुद्द व्हेलोसिरॅप्टरच्या हातावर पिसं रुतण्याचे उंचवटे सापडल्याचं 2007 मध्ये प्रसिद्ध झालं. हा क्रम मला तोंडपाठ आहे. तरी त्या रात्री डोक्यात सगळं एकत्र कालवलं गेलं. तीन-चार सिनेमे, म्युझियमची पुस्तकं, खेळणी, सगळ्याचा मिळून एकच रॅप्टर झाला होता आणि त्याला साल नव्हतं.

सिनेमाने हेच करून ठेवलंय आपल्या सगळ्यांचं. खरा व्हेलोसिरॅप्टर मंगोलियातला, जेमतेम टर्की पक्ष्याएवढा. पडद्यावरचा माणसाएवढा आहे कारण तो डायनोनिकस या त्याच्या मोठ्या भाऊबंदावर बेतलाय. डायलोफोसॉरसला मानेभोवती पंखा नव्हता, तो विष थुंकत असल्याचा काहीही पुरावा नाही, आणि तो प्रत्यक्षात सहा-सात मीटर लांब होता. पण माझ्या कपाटातले सगळे डायलोफोसॉरस बुटके आणि पंखेवाले! टी-रेक्स तर ज्युरासिक काळातला नाहीच, क्रिटेशियसच्या अखेरचा. जाणकार म्हणवणारा संग्राहकसुद्धा 'खरा' म्हणतो तेव्हा त्याला सिनेमासारखा म्हणायचं असतं. ठगाला हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. त्याने मला डायनासोर विकलाच नाही, सिनेमाची पडद्यामागची गोष्ट विकली.

31,500 पाठवताना यूपीआयवर नाव आलं कुठल्याशा एंटरप्रायझेसचं. "मेव्हण्याचं खातं आहे, डॉलरमध्ये घेतलं तर तुम्हालाच महाग पडेल." न्यू जर्सीचा माणूस, पैसे भारतातल्या दुकानाच्या खात्यात. पिन टाकण्याआधी जे नाव दिसतं ते वाचा, आणि नाव जुळत नसेल तर फोन खाली ठेवा. चिठ्ठीचा फोटो मागितला तर म्हणे पार्सल पॅक झालंय. पॅक झालं असेल तर उघडायला लावा. रेक्सची डरकाळी ऐकवणारा व्हिडिओ कॉल मागा. खरा विकणारा हौसेने करतो, आपण सगळे करतोच की.

मग 'कस्टम ऑफिस'मधून फोन. इंग्रजाळलेली हिंदी, पाठीमागे टाइपिंगचा आवाज. खेळण्यांवर ड्यूटी वाढली आहे, 11,340 भरा नाहीतर माल जप्त. हेही खोटं वाटेना, कारण बातमी खरी होती: खेळण्यांवरची आयात ड्यूटी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 केली, 2023 मध्ये 70. भरले. त्यानंतर 'बीआयएस सर्टिफिकेट'चे (म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या) 18,900. तीही अर्धी खरी गोष्ट, 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना बीआयएसची अट आहेच. पण ते सर्टिफिकेट खासगी पार्सलमागे फोनवर विकत मिळत नाही. कस्टमवाले कुणाच्या खासगी यूपीआयवर पैसे घेत नाहीत. त्यांच्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो त्यांच्या केंद्रीय मंडळाच्या (सीबीआयसी) साइटवर तपासता येतो. मी तो क्रमांक मागितला आणि फोन कट. न्यू जर्सीचे दादाही त्याच मिनिटाला ब्लॉक करून गेले.

आता खरी करमणूक.

बँकेत गेलो. समोरच्या बाईंनी स्टेटमेंट पाहिलं आणि म्हणाल्या, "पिन तुम्हीच टाकलाय ना?" झालं, विषय संपला. रिझर्व्ह बँकेचं जुलै 2017 चं परिपत्रक आहे ना, कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार नाही? "ते अनधिकृत व्यवहाराला. हा तुम्ही अधिकृत केलाय." म्हणजे घर फोडून नेलं तर चोरी, दार वाजवून गंडवून नेलं तर माझा आनंदाने दिलेला आहेर. लेखी तक्रार घ्यायलाही टाळाटाळ. पोच घेतल्याशिवाय उठू नका. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पण हातात ती पोच लागते.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "पैसे पाठवले तेव्हा घरी होता की ऑफिसात?" टोकन घरून, बाकीचे ऑफिसातून. मग हद्दीचा घोळ. इकडचे म्हणतात तिकडे जा, तिकडचे म्हणतात राहता तिथे द्या. नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यायची असं स्पष्ट लिहिलंय. मी ते मोबाइलवर दाखवलं. "साहेब, तुम्ही वकील आहात का?" वस्तूचं वर्णन सांगताना तर कहर. मी सांगतोय 'संग्राह्य मूर्ती', त्यांनी लिहिलं 'प्लास्टिकचे प्राणी'. शेजारचा म्हणाला, "एवढ्यात सोन्याचा तुकडा आला असता." दुसरा म्हणे, "आपल्याकडे कुठले आले डायनासोर?" चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला आयसिसॉरसची हाडं सापडलीत, पिसदुऱ्याला त्यांची जीवाश्म झालेली विष्ठासुद्धा, हे ओठांवर आलं होतं. गिळलं. (खरं सांगायचं तर मलाही ते फार उशिरा कळलं. सिनेमात नव्हता ना तो.) चारशे वीस आता भारतीय न्याय संहितेत तीनशे अठरा झालंय, वागणूक मात्र जुन्याच कलमाची.

सोन्याची अंगठी चोरीला गेली तर कुणी विचारतं का, कशाला घातली होतीत? मग माझ्या रेक्सवर हसायचा हक्क यांना कुणी दिला? 47,840 रुपये माझ्या पगारातले आहेत, वडिलांच्या पेन्शनमधले नाहीत. घरी अजून 11,340 चा भाग सांगितलेला नाही.

शेवटी ज्या खात्यात पैसे गेले ते गोठवलं. एका कॉलेजच्या पोराचं खातं, भाड्याने दिलेलं, परराज्यातलं. शिल्लक 3,112 रुपये. तेही मला थेट देईनात, कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. वकिलाने अर्जाची फी सांगितली 4,000.

फसलात तर आधी 1930 (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा, मग रडा. पैसे पहिल्या खात्यातून पुढे सरकायच्या आत कळलं तरच अडवता येतात. मी आधी त्या माणसाच्या मागे लागलो आणि तेवढ्यात खातं रिकामं झालं. चॅट डिलीट करू नका, ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या. आणि 'पैसे परत मिळवून देतो' म्हणणारे आता मेसेज करायला लागतील. मला आलेत. तेही तेच लोक.

तो लॉट परत फिरतोय. नाव नवं, गाव नवं, भाव 28,000. फोटो तेच: रेक्सच्या खोक्याचा उजवा वरचा कोपरा दुमडलेला, मागे तपकिरी लाकडी टेबल, डाव्या कडेला निळ्या मगाचा कान. नेटवर फोटोवरून शोध घेतला तर ते एका परदेशी संग्राहकाच्या जुन्या विक्रीतले निघतात. तुरेवाला रॅप्टर त्या विक्रीत नाही, तो दुसरीकडून उचललाय, त्याच्याखालची सावली बघा, उलट्या बाजूला पडलीय. टोकन दिलं असेल तर उरलेले पाठवू नका आणि मला मेसेज करा. त्या खात्याविरुद्ध आणखी तक्रारी जोडल्या गेल्या तर निदान माझा अर्ज फायलीच्या तळातून वर येईल.