कपाटावरचे टेकूचे रॉड: भाड्याच्या घरात कामाचे, पण एकटे नकोत

टोकियोत भाड्याने राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी लिहितेय. भूकंपात कपाट पडू नये म्हणून त्याचा माथा आणि छत यांच्यामध्ये घट्ट बसवायची ही रॉडची जोडी. होम सेंटरमध्ये 'त्सुप्पारी-बो' म्हणून विचारा, लगेच दाखवतात. आम्हाला दोन-अडीच हजार येनांत मिळाली. पाचपैकी चार तारे.

घ्यायचं निमित्त ७ ऑक्टोबर २०२१ ची रात्र. पावणेअकराच्या सुमारास चिबात ५.९ चा भूकंप झाला, आणि टोकियोच्या आदाची वॉर्डात हादऱ्याची पातळी 'पाच वरची' नोंदली गेली (जागेवर किती हललं ते सांगणारी ही शून्य ते सातची जपानी मोजपट्टी, त्यात पाचचे खालची-वरची असे दोन भाग). आम्ही निशी-कासाईला, तिथून बरेच लांब. तरी स्वयंपाकघरातलं उंच कपाट भिंत सोडून पुढे झुकलं, परत मागे आपटलं, आणि डाळींचे डबे एकामागून एक ओट्यावर. इथलं अग्निशमन खातं सांगतं की अलीकडच्या भूकंपांत जखमी झालेल्यांपैकी साधारण ३० ते ५० टक्के लोकांना घरातलं सामान पडून, कोसळून किंवा सरकून लागलंय. इमारत टिकते हो, कपाट अंगावर येतं.

सगळ्यात पक्का उपाय म्हणजे एल आकाराची पट्टी स्क्रूने भिंतीला मारणं. घरमालक भोकं पाडू देत नाही, सोडताना पैसे कापतो, म्हणून हे रॉड. सासूबाई आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, "भितीला खुटी ठोकायला परवानगी लागती व्हय?"

आता मुद्द्याचं. रॉड हातानेच पिळून लांब करायचा असतो, पान्हा लागत नाही. पण बसवायचा कुठे, यातच सगळं आहे. बऱ्याच घरांत मी तो कपाटाच्या पुढच्या कडेला पाहिलाय, दिसायला सरळ म्हणून. तिथे त्याचा फारसा उपयोग नाही. मागे, भिंतीला जवळजवळ चिकटून, आणि डाव्या-उजव्या उभ्या फळ्यांच्या बरोबर वर हवा. मधला माथा पातळ प्लायचा असतो, तो दबतो.

छत आधी बोटाच्या पेराने ठोकून बघा. बद्द आवाज आला तर स्लॅब. पोकळ आला तर जिप्समचा बोर्ड, त्याला रॉड आरामात भोक पाडेल. आमचं पोकळ निघालं. आतल्या दोन वाशांवर टेकेल एवढी फळी होम सेंटरनेच थोडक्या पैशांत कापून दिली, ती छताला लावून तिच्याखाली रॉड घेतले. खोक्यावरच्या सूचनांत हे अगदी बारीक अक्षरांत आहे. एक तारा मी याचाच कापला.

दुसरं, नुसते रॉड घेऊन थांबू नका. कपाटाच्या पुढच्या पायाखाली सरकवायची पाचरीसारखी पट्टी वेगळी मिळते, कात्रीने कापून मापात बसवता येते. तिच्यामुळे कपाट किंचित भिंतीकडे रेलतं. वर रॉड आणि खाली ही पट्टी अशी जोडी जमली की ताकद एल पट्टीच्या जवळपास जाते, असं अग्निशमन खात्याच्याच माहितीत आहे.

तीन पातळीचे धक्के अधूनमधून येतात, तेव्हा कपाट हलत नाही. मोठ्या धक्क्याची परीक्षा अजून व्हायचीय. प्रत्येक धक्क्यानंतर मी रॉड हाताने पिळून बघते, कधीकधी अर्धा आटा सैल झालेला असतो. दारं उघडून डबे पडणं मात्र यांनी थांबत नाही, त्याला दारांच्या कड्या वेगळ्या.

सासूबाई सास्तूरच्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीच्या भूकंपात माळवदं आणि दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या, ते त्यांनी पाहिलंय. भूकंप म्हणजे बाहेर पळायचं, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. इथे बाहेर काचा आणि पाट्या पडतात, म्हणून टेबलाखाली शिरून टेबलाचा पाय धरायचा, हे त्यांना पटवायला वेळ गेला. गॅसकडे धावायचं नाही हेही. पाचच्या आसपासचा हादरा बसला की मीटर आपोआप गॅस तोडतो. शेवटी त्यांचं अंथरूण कपाटाच्या उंचीच्या टप्प्याबाहेर घातलं, तेव्हा झोपल्या.

घेताना अंतर कपाटाच्या मागच्या बाजूला मोजा आणि त्या अंतरात बसेल असा आखूडातला आखूड रॉड घ्या. लांब काढलेला रॉड वाकतो.